इंग्रजी आणि वेल्श वर्णमाला : एका लिपीतील दोन व्यवस्थांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

ग्रेट ब्रिटन या बेटावर इंग्रजी आणि वेल्श या दोन भाषा शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत. दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहिल्या जातात. असे असूनही इंग्रजी उत्तम जाणणारा वाचक वेल्श मजकुरासमोर आला की अडखळतो. सी-डब्ल्यू-एम अशा तीन अक्षरांच्या शब्दात त्याला एकही स्वर दिसत नाही. एल हे अक्षर शब्दाच्या आरंभीच दोनदा आलेले पाहून तो गोंधळतो. यातूनच 'वेल्श ही स्वर नसलेली, उच्चारण्यास अशक्य भाषा आहे' असा समज रूढ झाला. भारतात रोमन लिपीची ओळख बहुतांशी इंग्रजीच्या माध्यमातून होते. त्यामुळे रोमन अक्षरांचे इंग्रजी उच्चार हेच त्यांचे मूळ व एकमेव उच्चार होत, असे मराठी वाचकासही नकळत वाटत असते.

प्रस्तुत लेखात इंग्रजी व वेल्श या दोन भाषांच्या वर्णमालांची तुलना केली आहे. लिपी उसनी घेता येते, परंतु वर्णमाला प्रत्येक भाषेला स्वतःच घडवावी लागते, हे या तुलनेतून स्पष्ट व्हावे हा लेखाचा मुख्य हेतू आहे. एका भाषेच्या वर्णमालेने दुसरीचे मोजमाप केल्यास काय घडते, याचाही विचार येथे केला आहे. विवेचनात रोमन अक्षरांचा उल्लेख त्यांच्या रूढ इंग्रजी नावांनी केला असून वेल्श शब्दांचे उच्चार देवनागरीत शक्य तितक्या जवळ जाऊन दिले आहेत.

१. लिपी, वर्ण आणि वर्णमाला

लिपी म्हणजे चिन्हांचा संच. वर्ण म्हणजे भाषेतील अर्थभेदक ध्वनी. आणि वर्णमाला म्हणजे कोणत्या चिन्हाने कोणता वर्ण दाखवावयाचा, चिन्हांचा क्रम कोणता आणि कोणत्या चिन्हाला स्वतंत्र स्थान द्यावयाचे, यांविषयी भाषिक समाजाने केलेला संकेत होय. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी व कोकणी अशा अनेक भाषांची लिपी आहे. पण त्यांच्या वर्णमाला सर्वस्वी एक नाहीत. मराठीत 'ळ' ला स्वतंत्र स्थान आहे, प्रमाण हिंदीत ते नाही. 'क्ष' व 'ज्ञ' ही वस्तुतः जोडाक्षरे असूनही परंपरेने ती वर्णमालेत मोजली जातात. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी रूढ झालेल्या 'ॲ' व 'ऑ' यांना महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत स्थान मिळाले. म्हणजेच वर्णमाला ही निसर्गदत्त वस्तू नाही. ती भाषेच्या गरजेनुसार ठरते व गरज बदलली की बदलते.

हाच न्याय रोमन लिपीला लागू होतो. ही लिपी मुळात लॅटिन भाषेसाठी घडली. लॅटिनमध्ये नसलेले ध्वनी ज्या ज्या भाषेत होते, त्या त्या भाषेला ते लिहिण्याची काही ना काही सोय करावी लागली. इंग्रजी आणि वेल्श या दोन्ही भाषा या अर्थाने रोमन लिपीच्या ऋणकोच आहेत. त्यांतील एकीला मूळ मानकरी आणि दुसरीला चमत्कारिक अपवाद समजण्यास शास्त्रीय आधार नाही.

२. दोन्ही भाषांचा लिपीशी आलेला संबंध

वेल्श ही केल्टिक कुळातील ब्रिथॉनिक शाखेची भाषा, तर इंग्रजी ही जर्मानिक कुळाच्या पश्चिम शाखेतील भाषा. दोन्ही कुळे इंडो-युरोपीय या एकाच मोठ्या परिवारात मोडतात. 'नऊ' या संख्येसाठी वेल्शमध्ये 'नाव' व इंग्रजीत 'नाइन' हे शब्द आहेत. त्यांचे मराठीशी असलेले दूरचे नाते सहज लक्षात येते.

इ. स. ५९७ मध्ये ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये आला व त्यानंतर इंग्रजीच्या लेखनासाठी रोमन लिपी रुजू लागली. त्यापूर्वी तेथे रून ही चिन्हे वापरात होती. लॅटिनमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी जुन्या इंग्रजीने 'थॉर्न' व 'विन' ही रून चिन्हे स्वीकारली आणि डी या अक्षराला आडवी रेघ देऊन 'एध' हे अक्षर वापरले. पुढे नॉर्मन लेखनिकांच्या प्रभावामुळे ही अक्षरे मागे पडली व टी-एच ही जोडी रूढ झाली. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली. छपाईमुळे शब्दांची लिखित रूपे स्थिर होत गेली. पण त्याच काळात, साधारणतः १४०० ते १७०० या दरम्यान, इंग्रजीच्या दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणात बदलत होते. लेखन मागे थांबले आणि उच्चार पुढे गेला. आजच्या इंग्रजी स्पेलिंगमधील विसंगतीचे हे एक प्रमुख कारण होय.

वेल्शचे लिखित नमुनेही प्राचीन आहेत. टविन येथील चर्चमधील शिलालेख सुमारे आठव्या-नवव्या शतकातील मानला जातो. वेल्शमधील पहिले मुद्रित पुस्तक १५४६ मध्ये निघाले. त्याच्या शीर्षकात 'पुस्तक' या अर्थाचा शब्द एल-एच या जोडीने सुरू होतो व त्यात व्ही हे अक्षर आहे. आज तोच शब्द एल-एल ने सुरू होतो व त्यात व्ही च्या जागी एफ आहे. म्हणजे त्या वेळी वर्णमाला अद्याप स्थिरावली नव्हती. विल्यम सेल्सबरी याने प्रामुख्याने अनुवादित केलेला नवा करार १५६७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. मध्ययुगीन वेल्शमध्ये के हे अक्षर सर्रास वापरले जाई. सेल्सबरीने मात्र सी वापरले आणि त्याचे कारणही नमूद केले : वेल्शला जितके के लागत तितके खिळे मुद्रकांपाशी नव्हते. परक्या भाषेसाठी ओतलेल्या खिळ्यांच्या टंचाईमुळे एका भाषेच्या वर्णमालेतील अक्षर कायमचे गळाले, ही घटना वर्णमालेच्या सांकेतिक स्वरूपाचे बोलके उदाहरण आहे.

१५८८ मध्ये विल्यम मॉर्गन याचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले व त्याने वेल्श गद्याचा आणि लेखनाचा आदर्श घालून दिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ओवेन प्यू या कोशकाराने जोडाक्षरे टाळून एका ध्वनीला एक अक्षर देण्याचा प्रयत्न केला. डी-डी च्या जागी तो झेड लिहीत असे. ही सूचना तर्काला धरून असली तरी बायबलच्या लेखनाला सरावलेल्या समाजाने ती स्वीकारली नाही. पुढे वेल्स विद्यापीठाच्या केल्टिक अभ्यास मंडळाच्या समितीने १९२८ मध्ये लेखननियम प्रसिद्ध केले. आजचे वेल्श लेखन मुख्यतः त्यांवर आधारलेले आहे.

३. सव्वीस आणि एकोणतीस

इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आहेत. वेल्श वर्णमालेत आज २९ अक्षरे मानली जातात. ती क्रमाने अशी : ए, बी, सी, सी-एच, डी, डी-डी, ई, एफ, एफ-एफ, जी, एन-जी, एच, आय, जे, एल, एल-एल, एम, एन, ओ, पी, पी-एच, आर, आर-एच, एस, टी, टी-एच, यू, डब्ल्यू आणि वाय.

इंग्रजीतील के, क्यू, व्ही, एक्स व झेड ही ५ अक्षरे या मालिकेत नाहीत. उरलेल्या २१ अक्षरांत ८ जोडाक्षरांची भर पडून २९ ही संख्या होते. जे हे अक्षर पारंपरिक मालिकेत नव्हते. 'जॅम', 'गराज' यांसारख्या उसन्या शब्दांसाठी ते नंतर स्वीकारले गेले. मराठीतील 'ॲ' व 'ऑ' यांच्या प्रवेशाशी ही घटना ताडून पाहता येते.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजीतही सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्या आहेत. परंतु तेथे त्यांना वर्णमालेत स्थान नाही. वेल्शमध्ये प्रत्येक जोडी हे एक अक्षर आहे. तिला स्वतःचे नाव आहे, शब्दकोडे सोडविताना ती एकाच चौकटीत लिहिली जाते आणि शब्दकोशात तिचा स्वतंत्र विभाग असतो. एल ने सुरू होणारे सर्व शब्द संपल्यानंतरच एल-एल चे शब्द सुरू होतात. एन-जी चे स्थान जी च्या नंतर व एच च्या आधी आहे. ते एन च्या विभागात शोधणाऱ्यास सापडत नाही.

अँगलसी बेटावरील एका गावाचे लांबलचक नाव जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी मूळ नाव वाढवून ते तयार केले गेले. इंग्रजी पद्धतीने मोजल्यास त्यात ५८ अक्षरे भरतात. वेल्श पद्धतीने ५१. त्यात एल-एल पाच वेळा व सी-एच दोन वेळा येते, म्हणून सात अक्षरे कमी होतात. एकच नाव, एकच लेखन. पण मोजणारी वर्णमाला बदलली की संख्या बदलते. याच नावात एक ठिकाणी एन नंतर जी येतो. तेथे मात्र दोन शब्दांचा सांधा असल्यामुळे ती दोन वेगळी अक्षरे आहेत. बँगोर या शहराच्या नावातही असेच होते. अशा ठिकाणी शब्दाची घडण माहीत असल्याशिवाय मोजणी अचूक होत नाही. वेल्श व्यवस्थेची ही एक अडचण मान्य करावी लागते.

४. 'स्वर नसलेली भाषा' : एका समजाची तपासणी

इंग्रजी वर्णमालेत ए, ई, आय, ओ, यू ही पाच स्वराक्षरे शिकविली जातात. वेल्शमध्ये त्यांशिवाय डब्ल्यू व वाय हीही स्वराक्षरे असल्याने त्यांची संख्या ७ होते. डब्ल्यू चा उच्चार स्वर म्हणून 'उ' किंवा 'ऊ' असा होतो. म्हणून सी-डब्ल्यू-एम या शब्दाचा उच्चार 'कुम' असा असून त्याचा अर्थ 'दरी' असा आहे. 'बस' या अर्थी बी-डब्ल्यू-एस असे लिहून 'बुस' असा उच्चार करतात. प्राणिसंग्रहालयासाठी इंग्रजीतील 'झू' हा शब्द वेल्शने घेतला. पण वेल्शमध्ये 'झ' हा ध्वनीही नाही आणि झेड हे अक्षरही नाही. म्हणून तो शब्द 'सू' झाला व एस-डब्ल्यू या दोन अक्षरांत लिहिला गेला.

डब्ल्यू ला स्वर मानण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. या अक्षराचे इंग्रजी नाव मुळात 'डबल यू' म्हणजे 'दुहेरी यू' असेच आहे. इंग्रजीने ते नाव राखले, वेल्शने त्यातील स्वरत्व राखले.

वाय या अक्षराचे दोन उच्चार आहेत व ते बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरतात. शेवटच्या अवयवात तो 'इ' च्या जवळ जातो, अन्यत्र अस्पष्ट 'अ' सारखा होतो. 'पर्वत' या अर्थाच्या 'मनिध' या शब्दात वाय दोनदा येतो. पहिल्या ठिकाणी 'अ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'इ'. यू चा उच्चार दक्षिण वेल्समध्ये 'ई' सारखा, तर उत्तरेत जीभ थोडी मागे घेऊन केलेल्या 'ई' सारखा होतो. स्वराचे दीर्घत्व दाखविण्यासाठी काही ठिकाणी अक्षरावर छपरासारखे चिन्ह देतात. त्याचे वेल्श नावच 'छोटे छप्पर' या अर्थाचे आहे. 'तान' म्हणजे 'अग्नी' या शब्दावर ते चिन्ह असते; ऱ्हस्व स्वराच्या, 'खाली' या अर्थाच्या शब्दावर ते नसते.

वेल्शमध्ये स्वर नाहीत असे म्हणणाऱ्याने वस्तुतः वेल्शमध्ये इंग्रजीची पाच अक्षरे शोधलेली असतात. खरे पाहता इंग्रजीतही 'स्काय' किंवा 'रिदम' या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये ती पाचांपैकी एकही नसते. तरीही त्यावरून इंग्रजीला कोणी स्वरहीन म्हणत नाही.

५. व्यंजनांची व्यवस्था

व्यंजनांच्या बाबतीत दोन्ही भाषांतील भेद एफ या अक्षरावरून चांगला स्पष्ट होतो. वेल्शमध्ये एकटा एफ हा 'व्ह' चा ध्वनी दाखवितो व एफ-एफ हा 'फ' चा. 'नदी' या अर्थाचा वेल्श शब्द 'आव्हॉन' आहे व तो एफ ने लिहितात. इंग्लंडमधील 'एव्हन' या नद्यांची नावे याच जुन्या ब्रिथॉनिक शब्दापासून आली आहेत, पण इंग्रजीत ती व्ही ने लिहिली जातात. एकच शब्द व एकच व्यंजन असूनही दोन भाषांनी त्यासाठी दोन अक्षरे योजली.

इंग्रजीतील टी-एच ही जोडी दोन भिन्न ध्वनींसाठी वापरली जाते. 'हा' या अर्थाच्या शब्दातील घोष ध्वनी आणि 'बारीक' या अर्थाच्या शब्दातील अघोष ध्वनी हे वेगवेगळे आहेत. मराठी भाषक हे शब्द 'दिस' व 'थिन' असे उच्चारतो, म्हणजे त्याच्या कानालाही हा भेद जाणवतो. इंग्रजी लेखनात मात्र तो दिसत नाही. वेल्शमध्ये घोष ध्वनीसाठी डी-डी आणि अघोष ध्वनीसाठी टी-एच अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. वेल्सच्या प्रसिद्ध राष्ट्रीय साहित्य-संगीत महोत्सवाचे नाव वेल्शमध्ये 'आइस्तेध्व्हॉद' असे उच्चारले जाते. इंग्रजी संकेताने वाचणारा त्याचा 'आइस्टेडफॉड' करतो, कारण डी-डी व एफ ही दोन्ही अक्षरे तो आपल्या वर्णमालेने वाचतो.

सी चा उच्चार वेल्शमध्ये नेहमी 'क' असा होतो. इंग्रजीप्रमाणे तो कधी 'क' व कधी 'स' असा पालटत नाही. सी-एच हा घशातून घर्षणाने निघणारा 'ख' आहे, इंग्रजीतील 'च' नव्हे. आर-एच हा श्वासयुक्त, अघोष 'र' आहे.

सर्वाधिक चर्चा होते ती एल-एल ची. 'ल' म्हणताना जीभ जेथे टेकते तेथेच ठेवून, कंठातील कंप थांबवून, जिभेच्या बाजूंनी हवा सोडली की हा ध्वनी निघतो. इंग्रजीत तो नाही, देवनागरीतही त्याला अक्षर नाही. इंग्रजी कानाने तो निरनिराळ्या प्रकारे ऐकला. 'करडा' या अर्थाच्या वेल्श शब्दापासून 'लॉइड' व 'फ्लॉइड' अशी दोन आडनावे झाली. शेक्सपिअरने सुमारे १५९९ मध्ये लिहिलेल्या 'पाचवा हेन्री' या नाटकातील वेल्श सेनाधिकाऱ्याचे नाव 'फ्लुएलन' आहे. ते 'ल्लवेलिन' या नावाचे इंग्रजी रूप होय. मूळ ध्वनी एकच. परक्या वर्णमालेत बसविताना त्याचा कधी 'ल' झाला, कधी 'फ्ल'.

६. लेखन आणि उच्चार यांतील अंतर

इंग्रजीत सुमारे ४४ अर्थभेदक ध्वनी मानले जातात व त्यांसाठी २६ अक्षरे आहेत. साहजिकच एका अक्षराला अनेक कामे करावी लागतात. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार 'दो', 'थ्रू', 'कॉफ', 'रफ' व 'बाउ' या पाच शब्दांत पाच प्रकारे होतो. वेल्शमध्ये अशी स्थिती क्वचित आढळते. संकेत एकदा समजले की अनोळखी शब्दही बव्हंशी अचूक वाचता येतो. बलाघात सामान्यतः उपांत्य अवयवावर असल्याने तोही ओळखता येतो.

या फरकाचा बालकांच्या वाचनावर होणारा परिणाम निक एलिस व मारी हूपर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला. सुमारे दोन वर्षे वाचन शिकलेल्या मुलांची तुलना केली असता, वेल्श वाचणारी मुले आपल्या भाषेतील सुमारे ६१ टक्के मजकूर अचूक मोठ्याने वाचू शकली, तर इंग्रजी वाचणारी मुले सुमारे ५२ टक्के. मात्र वेल्श मुले अर्थ न समजलेले शब्दही बिनचूक वाचत होती, हेही या अभ्यासात दिसून आले. म्हणजे पारदर्शक वर्णमालेमुळे वाचनाचे दार लवकर उघडते. आकलनाचे काम त्यानंतरही उरतेच.

मराठी वाचकाला 'जसे बोलतो तसे लिहितो' याचा अभिमान असतो. तथापि 'चहा' व 'चाक' यांतील 'च' चे उच्चार भिन्न असूनही अक्षर एकच आहे. पूर्णतः निर्दोष वर्णमाला कोणत्याही भाषेजवळ नाही. फरक असतो तो प्रमाणाचा.

७. आद्य व्यंजनातील बदल

वेल्श व्याकरणाचे एक वैशिष्ट्य वर्णमालेशी निगडित आहे. वाक्यातील आधीच्या शब्दानुसार पुढील शब्दाचे पहिले व्यंजन बदलते. 'मांजर' या अर्थाचा 'काथ' हा शब्द 'तुझे मांजर' म्हणताना 'गाथ', 'माझे मांजर' म्हणताना 'ङ्हाथ' आणि 'तिचे मांजर' म्हणताना 'खाथ' असा होतो. 'वेल्स' या देशाचे वेल्श नाव 'कम्री' असे आहे. परंतु सीमेवरील स्वागतफलकावर ते जी ने सुरू होते. 'बाग' या अर्थाच्या 'गार्ध' या शब्दातील आरंभीचा 'ग' काही ठिकाणी तर लोपच पावतो.

वेल्श हे बदल लेखनातही दाखविते. त्यामुळे उच्चार कळतो, पण शब्दकोश पाहताना मूळ रूप माहीत असावे लागते. 'गाथ' शोधावयाचा तर सी चा विभाग उघडावा लागतो. संस्कृतातील संधीचा विग्रह केल्याशिवाय मूळ पद सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एफ-एफ असताना पी-एच हे 'फ' चेच दुसरे अक्षर कशासाठी, या प्रश्नाचे उत्तरही येथे मिळते. पी-एच हे मुख्यतः 'प' चा 'फ' झाला असता लिहिले जाते. त्यावरून मूळ शब्द 'प' ने सुरू होतो हे वाचकाला उमगते. एका ध्वनीला दोन अक्षरे देण्यामागे असा व्याकरणिक हेतू आहे.

८. वर्णमालेचा सामाजिक पक्ष

वर्णमालेचा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्सच्या न्यायालयांची व प्रशासनाची भाषा इंग्रजी ठरली. १८४७ मध्ये वेल्समधील शिक्षणाविषयी प्रसिद्ध झालेल्या शासकीय अहवालात वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतील अडथळा असल्याचे म्हटले गेले. अहवालाच्या निळ्या वेष्टनावरून वेल्श जनता त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखते. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविली जात असे. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५,३८,३०० इतके राहिले. या घसरणीला औद्योगिकीकरण, स्थलांतर व शिक्षणधोरण अशी अनेक कारणे आहेत. वर्णमाला हे त्यांचे कारण नव्हे. परंतु 'वाचताच न येणारी भाषा' ही थट्टा त्या अवहेलनेला पूरक ठरली, हे नाकारता येत नाही.

ही अवहेलना स्थलनामांत सर्वाधिक दिसते. 'काइर्नार्व्हॉन' हे नाव वेल्शमध्ये एफ ने लिहितात. इंग्रजी अमदानीत ते व्ही ने लिहिले जाई. 'ल्लानेल्ली' च्या अखेरीस आय ऐवजी वाय लिहीत. विसाव्या शतकात अशी अनेक नावे वेल्श लेखनाप्रमाणे पूर्ववत झाली. खडकीचे 'किरकी' व पुण्याचे 'पूना' झालेले पाहिलेल्या मराठी वाचकाला या अक्षरबदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९६७ व १९९३ च्या कायद्यांनी वेल्शला टप्प्याटप्प्याने सार्वजनिक व्यवहारात स्थान मिळाले आणि २०११ च्या तरतुदीने अधिकृत दर्जा प्राप्त झाला. आज वेल्समधील रस्त्यांवरील फलक द्विभाषिक आहेत. 'स्नोडोनिया' राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये 'एररी' हे वेल्श नाव वापरण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये 'ब्रेकन बीकन्स' उद्यानानेही वेल्श नाव स्वीकारले. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक व्हावेत, असे वेल्स शासनाचे २०१७ पासूनचे उद्दिष्ट आहे.

सेल्सबरीला भेडसावलेली खिळ्यांची अडचण संगणकयुगातही वेगळ्या रूपात उद्भवली. पश्चिम युरोपीय भाषांसाठी प्रचलित असलेल्या संगणकीय अक्षरसंचात छप्पर असलेले डब्ल्यू व वाय नव्हते. 'पाणी' व 'घर' यांसारखे नित्याचे वेल्श शब्दही त्यामुळे शुद्ध लिहिता येत नसत. १९९८ मध्ये केल्टिक भाषांसाठी प्रमाणित झालेल्या संचात व युनिकोडमध्ये ही अक्षरे आल्यावर हा प्रश्न सुटला.

९. मराठी-कोकणी परंपरेतील संबंधित अनुभव

रोमन अक्षरांना इंग्रजीखेरीज अन्य मूल्ये देण्याचा अनुभव आपल्या परिसरालाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. गोव्यात आजही प्रचलित असलेल्या रोमी कोकणीत एक्स हे अक्षर पोर्तुगीज संकेतानुसार 'श' दाखविते. तेथे डी-डी ही जोडी मूर्धन्य 'ड' साठी व एल-एल ही जोडी 'ळ' साठी वापरतात. 'वेळ' हा शब्द शेवटी दोन एल देऊन लिहिला जातो. एल-एल इंग्रजीत साधा 'ल', वेल्शमध्ये अघोष घर्षक आणि रोमी कोकणीत 'ळ' आहे. लिपीत नसलेल्या ध्वनीसाठी अक्षर दुहेरी करण्याची युक्ती दोन दूरच्या समाजांनी स्वतंत्रपणे योजली.

सर विल्यम जोन्स यांचे वडील मूळचे वेल्समधील अँगलसीचे गणितज्ञ होते. जोन्स यांनी १७८६ च्या कोलकाता येथील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाचा विचार मांडताना केल्टिकचाही उल्लेख केला. आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत, यावरील निबंधात त्यांनी इंग्रजी लेखनव्यवस्था अत्यंत सदोष ठरविली व देवनागरीच्या वर्णक्रमाची प्रशंसा केली. इंग्रजी वर्णमाला हा सर्व भाषांचा मापदंड होऊ शकत नाही, याची जाणीव अठराव्या शतकातही होती, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. इंग्रजी व वेल्श यांची लिपी एक असली तरी वर्णमाला दोन आहेत. अक्षरांची संख्या, क्रम व मूल्य या तिन्ही बाबतींत त्या भिन्न आहेत.

२. वेल्श स्वरहीन असल्याचा समज इंग्रजी स्वराक्षरांच्या निकषातून निर्माण झाला आहे. प्रत्यक्षात वेल्शमध्ये इंग्रजीपेक्षा दोन स्वराक्षरे अधिक आहेत.

३. लेखन व उच्चार यांची संगती वेल्शमध्ये अधिक आहे. तथापि आद्य व्यंजनातील बदल व जोडाक्षरांची संदिग्धता या तिच्या अडचणी आहेत.

४. वर्णमाला घडविण्यात ध्वनींइतकाच वाटा मुद्रकांचे खिळे, धर्मग्रंथ, शासन व संगणक यांचाही असतो.

५. स्थलनाम कोणत्या वर्णमालेने लिहावयाचे, हा प्रश्न अंतिमतः ते नाव कोणाचे, या प्रश्नाशी जोडलेला असतो.

अपरिचित भाषेचे लेखन विचित्र वाटले, तर त्या भाषेत दोष शोधण्यापूर्वी आपण ते कोणत्या वर्णमालेने वाचत आहोत हे तपासणे अगत्याचे आहे. सी-डब्ल्यू-एम ही तीन अक्षरे वेल्श वर्णमालेने वाचली की तेथे 'कुम' हा साधा शब्द व त्यामागची दरी दिसू लागते.